प्रत्यंचा एकच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ या चित्रपटावरच्या एका ऑनलाइन व्हिडिओ-समीक्षेचा गोषवारा छापून आला. सोबत चित्रपटातली एक फ्रेमही होती. राम धनुष्य ओढतो आहे आणि धनुष्याला दोन प्रत्यंचा आहेत, एक ठळक, दुसरी तिच्या बोटभर पुढे, फिकट. खाली ओळ होती : ‘चित्रकारांचा निष्काळजीपणा’. हाताने काढलेल्या ॲनिमेशनच्या पद्धतींचा अभ्यास करणारे आम्ही बडोद्यातले काही प्रेक्षक आहोत. या ओळीला उत्तर दिलेच पाहिजे असे आम्हाला वाटले, म्हणून हे पत्र.

ती दुसरी प्रत्यंचा कोणत्याही चित्रकाराने काढलेली नाही. ती टीव्हीने काढली आहे.

१९९३ साली पडद्यावर आलेला हा भारत-जपानचा चित्रपट सेलवर बनला. म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक तावावर पुढच्या बाजूने रेघ, मागच्या बाजूने रंग, खाली रंगवलेली पार्श्वभूमी, वर कॅमेरा. प्रत्येक चित्र ठेवायचे, काच दाबायची, फ्रेम घ्यायची, चित्र काढून पुढचे ठेवायचे. या पद्धतीत अर्धपारदर्शक रेघ येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक म्हणजे एक दृश्य विरून दुसरे उमटणे. पण तेव्हा सगळेच चित्र मिसळते आणि ते मिसळणे पुष्कळ फ्रेम चालते. दुसरा म्हणजे एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश देणे. तेज, अग्नी, मायावी अस्त्रे दाखवताना ही युक्ती वापरतात. छापलेल्या फ्रेममध्ये रामाचा चेहरा, खांदा, मागची झाडे सगळे लख्ख आहे. दुहेरी झाली आहे ती फक्त हलणारी बारीक रेघ. ही खूण यंत्राने मधली फ्रेम बनवल्याची.

आजच्या बहुतेक टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी सोय दुकानातून येतानाच चालू असते. सॅमसंगच्या संचात तिला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’. दोन फ्रेमच्या मध्ये काय असायला हवे होते याचा हिशेब करून ती नवी फ्रेम घालते. क्रिकेटच्या प्रक्षेपणात हे चालून जाते, कारण चेंडू प्रत्येक फ्रेममध्ये थोडा थोडा पुढे गेलेला असतो. हातच्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एकच चित्र दोन फ्रेम थांबते आणि मग पुढचे येते. यंत्राला आधी शून्य हालचाल दिसते, लगेच मोठी उडी. बारीक रेघ कुठून कुठे गेली हे त्याला जुळवता येत नाही, म्हणून ते जुनी आणि नवी दोन्ही रेघा अर्ध्या अर्ध्या दाखवून मोकळे होते. प्रत्यंचा, बाणाचा दांडा, वाऱ्यावरची बट, बोटांची टोके यांच्यावर हे सर्वांत आधी दिसते. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये जाऊन ही सोय पूर्ण बंद करावी. ‘कमी’वर ठेवून भागत नाही. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ निवडला तरी आत जाऊन एकदा खात्री करावी. मग तेच दृश्य पाहावे.

टीव्ही नको असेल तर संगणकावर पाहता येते. व्हीएलसीमध्ये चित्र थांबवून ‘ई’ अक्षराची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे आणते. मात्र प्रत मूळ वेगाची हवी. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रती २४ फ्रेमवरून २५ किंवा ३० वर नेताना दोन फ्रेम एकमेकींत कालवलेल्या असतात. अशी प्रत असली तर टीव्हीला दोष देऊनही उपयोग नाही, दुहेरी रेघांची भुते आधीच आत बसलेली असतात.

समीक्षकाचा मुख्य आक्षेप आहे तो असा की चित्रपट ‘अडखळतो’, कारण ‘पैसे वाचवायला निम्मीच चित्रे काढली’. हा आक्षेप नवा नाही आणि तो ऐकून प्रामाणिक माणसालाही तो खरा वाटू शकतो, म्हणून नीट सांगतो.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम धावतो. प्रत्येक फ्रेमला नवे चित्र काढले तर त्याला ॲनिमेटर ‘वन्सवर’ म्हणतात, एक चित्र दोन फ्रेम ठेवले तर ‘टूजवर’, तीन ठेवले तर ‘थ्रीजवर’. हा चित्रपट १३५ मिनिटांचा. म्हणजे १,९४,४०० फ्रेम. सगळा टूजवर धरला तर ९७,२०० चित्रे होतात, तीही प्रत्येक वेळी एकच पात्र हलते आहे असे मानून. तीन पात्रे तीन थरांत असली की चित्रे तिप्पट. हे आकडे एकदा कागदावर मांडले की ‘निम्मीच चित्रे काढली’ या वाक्याचा अर्थ किती पोकळ आहे ते कळते. जगातल्या उत्तमोत्तम हातच्या चित्रपटांचा मोठा भाग टूजवरच आहे. सावकाश वळणारी मान, बसणे-उठणे, बोलताना हात हलवणे, यात वन्सवर काढले तर फायदा तर नाहीच, उलट रेघ उकळू लागते. हाताने काढलेल्या दोन रेघा कधीच तंतोतंत एक नसतात. तो केसभराचा फरक सेकंदाला २४ वेळा बदलला की स्थिर गालही थरथरतो, १२ वेळा बदलला की शांत वाटतो.

टूज कुठे पुरतात आणि कुठे फसतात हे घरी तपासता येते. टेबलावर पांढरा कागद पसरा, वर फोन घट्ट बसवा, स्टॉप-मोशनचे एखादे ॲप सेकंदाला २४ फ्रेमवर लावा. कागदाच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा करा आणि रुपयाचे नाणे दर फ्रेमला १ सेंटिमीटर सरकवत २४ फ्रेम घ्या. हे वन्स. आता नाणे २ सेंटिमीटर सरकवा, प्रत्येक जागी दोन फ्रेम घ्या. हे टूज. नाणे दोन्ही वेळा सेकंदात २४ सेंटिमीटर जाते आणि दोन्ही वेळा ते सरकताना दिसते. आता वेग दुप्पट करा. टूजवर प्रत्येक उडी ४ सेंटिमीटरची होईल आणि नाणे सरकायचे सोडून ठिपक्याठिपक्यांनी उड्या मारू लागेल. कारण साधे आहे. रुपयाचे नाणे साधारण दोन सेंटिमीटरचे आहे. नव्या जागेचे नाणे जुन्या जागेच्या नाण्याला शिवते तोवर डोळा दोन्ही जोडतो. मधे मोकळा कागद दिसला की जोड सुटतो. म्हणून तलवारीचा वार, बाण, झेप अशा जागी जाणकार ॲनिमेटर वन्सवर येतो, किंवा हलणारी वस्तू त्या दिशेला लांबवून काढतो म्हणजे दोन चित्रे एकमेकांना शिवतील. एकाच दृश्यात हात टूजवर आणि बाण वन्सवर असू शकतो. कुठे किती चित्रे हे एक्सपोजर शीटवर फ्रेमच्या आकड्यानिशी आधी लिहिले जाते. पैसे संपले म्हणून ते ऐनवेळी ठरत नाही.

खरी चूक कुठे होते तेही सांगायला हवे. पात्र चालते आहे, कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतो आहे, म्हणजे पात्र जागच्या जागी आणि जमीन मागे जाते आहे. समजा जमीन दर फ्रेमला ३ मिलिमीटर मागे जाते. पाऊल टेकलेले असेल तर त्यानेही दर फ्रेमला ३ मिलिमीटर मागे जायला हवे. ते टूजवर काढले तर एका फ्रेमला जमीन जाते आणि पाऊल थांबते, पुढच्या फ्रेमला पाऊल एकदम ६ मिलिमीटर मागे येते. पाऊल जमिनीवर थरथरते, बर्फावरून घसरल्यासारखे. हा दोष आहे, तो कोणत्याही हातच्या चित्रपटात शोधावा, सापडला तर वेळेसकट लिहावा. समीक्षकाने या चित्रपटातल्या अशा एकाही दृश्याची वेळ दिलेली नाही. त्याने दाखवलेला ‘झटका’ निसर्गदृश्यावरून कॅमेरा आडवा फिरतो तेव्हाचा आहे, त्यात एकही पात्र नाही. तिथे पार्श्वभूमीचा लांब कागद दर फ्रेमला सरकतो, टूजचा संबंधच नाही. तो झटका पडद्याचा. साधा संगणक-पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, आणि ६० ला २४ ने पुरता भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा दिसते, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा. सरळ सरकणारे झाड आलटून पालटून रेंगाळते. १२० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते आणि ते रेंगाळणे जाते.

याच समीक्षकाने २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ची शैली ‘धाडसी’ म्हणून वाखाणली आहे. आम्हालाही तो चित्रपट फार आवडतो. पण त्यात संगणक प्रत्येक फ्रेम देऊ शकत असताना ॲनिमेटरांनी मुद्दाम टूज वापरले. नवशिका स्पायडर-मॅन माइल्स टूजवर आणि सरावलेला पीटर वन्सवर, असे दोघे जंगलातल्या दृश्यात शेजारी झोके घेतात, आणि माइल्सचे अडखळणे त्या फरकातूनच कळते. तिथे टूज म्हणजे विचार आणि इथे टूज म्हणजे कंजूषपणा, असा न्याय कसा लावायचा?

आता ‘नव्या प्रतीत दृश्ये पाच मिनिटे ताणली आहेत आणि आवाज खाली उतरवला आहे’ हा आरोप. नवी प्रत म्हणजे २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आलेली फोर-के. तुलनेसाठी समीक्षकाने टीव्हीवरून उतरवलेली जुनी प्रत घेतली. आपल्याकडचे टीव्ही-प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचे. २४ फ्रेमचा चित्रपट तिथे बहुधा तसाच २५ ने पळवतात. १३५ मिनिटे मग १२९ मिनिटे ३६ सेकंदांत संपतात. गेलेली पाच मिनिटे ती हीच. सूरही चढतो. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याच्या सुमारे सात दशांश. ज्यांनी वनराज भाटियांचे संगीत टीव्हीवरच ऐकले त्यांच्या कानात तो चढा सूर बसला आहे, हे आम्ही समजू शकतो. नव्या प्रतीत सूर मूळ जागी आला आहे. कोणी काही ताणलेले नाही.

धुळीच्या ठिपक्यांबद्दल तो म्हणतो, ‘फोर-के म्हणून पैसे घेतले आणि कचराही साफ केला नाही.’ ठिपका दिसला की आधी तो किती फ्रेम टिकतो हे मोजावे. एकच फ्रेम दिसला तर तो फिल्मवरचा. पांढरा असेल तर निगेटिव्हवर धूळ होती, काळा असेल तर प्रिंटवर. एकाच जागी उभी रेघ पुष्कळ फ्रेम दिसली तर तो ओरखडा. ही साफसफाई प्रत तयार करणाऱ्यांचे काम, ती राहिली असेल तर जरूर टीका करावी. पण ठिपका बरोबर दोन फ्रेम टिकून चित्राबरोबर गेला तर तो त्या सेलवर होता, कॅमेऱ्याखाली गेला तेव्हाच. दृश्यभर राहिला तर पार्श्वभूमीवर किंवा काचेवर. हे ठिपके चित्रपटाच्या मूळ देहातले आहेत. व्हिडिओत बाण करून दाखवलेल्या चारपैकी तीन ठिपके दोन फ्रेमचे आहेत. चौथा एका फ्रेमचा, तो त्याचा मुद्दा आम्हाला मान्य.

फिल्मचा रवा, म्हणजे चित्रभर दिसणारे बारीक कण, सरसकट पुसून टाका ही त्याची सूचना मात्र आम्हाला धोक्याची वाटते. रवा पुसणारी प्रणाली रवा आणि बारीक रेघ यांत नेहमी नीट फरक करू शकत नाही. पहिल्यांदा पापणीची टोके जातात, मग दागिन्यांची नक्षी, मग रेघेचा जाड-बारीकपणा. उरतो तो गुळगुळीत मेणाचा चेहरा. एकदा तशी प्रत पक्की झाली की पुढची पिढी तीच मूळ समजते.

एका दृश्यात पात्राचा वर्ण मधेच किंचित काळवंडतो, हे त्याचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. कारण तेवढे चुकले. सेल पारदर्शक म्हटला तरी त्याला पिवळट-करडी झाक असते. थर वाढले की खालचा रंग मळतो. दृश्याच्या मध्यात एक थर कमी-जास्त झाला तर रंग उजळतो-मावळतो, म्हणून कोरे सेल ठेवून थरांची संख्या सारखी राखतात. क्वचित तो कोरा सेल राहून जातो. म्हणजे चूक आहे, पण ती कॅमेऱ्याच्या टेबलावरची. रंग कालवणाऱ्यांवर ती घालू नये.

ओठांबाबत तो निम्मा बरोबर आहे. मूळ संवाद इंग्रजीत आणि गाणी संस्कृतात आहेत. हिंदी संवाद नंतर बसवले. शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण आठवा : प, फ, ब, भ, म. ‘म’ उच्चारताना पात्राचे ओठ मिटलेले दिसले नाहीत तर प्रेक्षकाला लगेच खटकते. इतर वर्णांत थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते, दोन-तीन फ्रेमचा फरक डोळा माफ करतो. म्हणून चांगला संवादलेखक आधी मिटलेले ओठ कुठे येतात त्यांच्या खुणा करतो, तिथे ओष्ठ्य वर्णाचा शब्द आणतो आणि बाकी वाक्य त्याभोवती बांधतो. हिंदी डबमध्ये हे जिथे जमलेले नाही तिथे दोष डबचा. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरी यांचे आवाज आहेत, ते आवाज इतके वजनदार की ओठांकडे लक्ष जात नाही. २४ जानेवारी २०२५ ला चित्रपटगृहांत आलेल्या डबबद्दल आमच्यातही दोन मते आहेत. पण ‘ॲनिमेटरांना तोंड काढता येत नाही’ हे वाक्य कोणत्याही मताने टिकत नाही. मूळ इंग्रजी लावून तीच दोन वाक्ये पाहावीत.

‘ही आपली सीता नव्हे, जपानी बाहुली आहे’ या शेऱ्याला बडोद्याच्या वाचकांपुरते उत्तर घराजवळच आहे. राम-सीतेच्या चेहऱ्यांची आपली कल्पना राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी आणि त्यांच्या छापील प्रतींनी घडवली. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन त्यांच्या एखाद्या पौराणिक चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहावे आणि फक्त गाल पाहावा. नाकाच्या बाजूने कानाकडे जाताना उजेड सावलीत कुठे गेला हे बोट ठेवून दाखवता येत नाही, इतका तो हळूहळू उतरतो. हे तैलरंगाचे बळ. असा गाल सेकंदाला बारा वेळा, वेगवेगळ्या हातांनी काढायचा म्हटले तर उतार प्रत्येक चित्रात वेगळा पडेल आणि चेहरा दिव्याच्या ज्योतीसारखा फडफडेल. म्हणून सेलवर गालाला दोनच सपाट रंग, एक उजेडाचा आणि एक सावलीचा, मधे स्पष्ट सीमा. नाक रेघेने, डोळे मोठे, कारण भाव दाखवायला तेवढीच जागा उरते. पार्श्वभूमी मात्र एकदाच रंगवायची असते, त्यामुळे तिथे रंगांचे उतार मनसोक्त येतात. पात्र आणि पार्श्वभूमी ‘वेगवेगळ्या चित्रपटांतली वाटतात’ हा त्याचा आक्षेप याच कारणातून निघतो. ते वेगळेपण न आवडणे हा रुचीचा भाग आहे आणि त्यावर आमचे भांडण नाही.

शेवटचा शेरा आम्हाला सर्वांत जास्त लागला : ‘ॲनिमेशन आपली कलाच नव्हे, म्हणून दुसऱ्यांनी केले.’ दिग्दर्शकांच्या नावांत युगो साको आणि कोइची सासाकी या जपानी दिग्दर्शकांबरोबर राम मोहन यांचे नाव आहे. ते १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले आणि डिस्नेतून शिकवायला आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झाले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याही मागे जायचे तर दादासाहेब फाळके. त्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या रोपाची वाढ थोड्या थोड्या फ्रेम घेत दिवसचे दिवस टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर आणली. पुढे आगकाड्या एकेक फ्रेमला हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. वर नाण्याचा प्रयोग सांगितला तो याच जातीचा. हेच फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले ते सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या बडोद्याच्या कलाभवनात. या गावातल्या मराठी वर्तमानपत्रात तो शेरा उत्तराशिवाय राहू नये.

आमच्या बाजूच्या काही चाहत्यांनी समीक्षकाला अपशब्द वापरले, ते आम्हाला मान्य नाही. त्याला चित्रपट संथ वाटला, युद्ध लांबले असे वाटले, तर ते लिहायचा त्याला पूर्ण हक्क आहे. रेघेबद्दल लिहायचे असेल तर दृश्याची वेळ, प्रत कोणती आणि पडदा कोणता हे तीन तपशील द्यावेत, म्हणजे कोणालाही पडताळता येईल.

आपल्याकडे एकच विनंती. छापलेल्या फ्रेमच्या लगेच आधीची आणि लगेच नंतरची फ्रेम मूळ २४ च्या प्रतीतून घेऊन पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकारात शेजारी शेजारी छापावी. पहिल्या फ्रेममध्ये प्रत्यंचा मागे असेल, दुसऱ्या फ्रेममध्ये बोटभर पुढे. दोन्हींत ती एकच असेल.

आपले,
हातच्या ॲनिमेशनचे काही प्रेक्षक
दांडिया बाजार, बडोदे